करड्या डोक्याचा पोपट: टोई की निळ्या पंखांचा?

सावंतवाडीजवळच्या तुमच्या परड्यात पांगाऱ्यावर करड्या डोक्याचे पोपट येतात, ते टोई जातीचे की आंबोलीत दिसतात त्या निळ्या पंखांच्या जातीचे, असं तुम्ही विचारलंय. फोटो नसताना पैज लावायचीच तर मी टोईवर लावेन.

टोईचा मोठा नर कोणालाही ओळखता येतो. जांभळट लाल डोकं, गळ्याभोवती काळी रेघ, खांद्यावर तांबडा डाग. घोळ घालते ती मादी. तिचं डोकं निळसर करडं असतं. वर तरुण नरांचं डोकंही लाल व्हायला वेळ लागतो, तोवर तेही आईसारखेच दिसतात. त्यामुळे थव्यात एकही लाल डोकं नाही, असं सहज होतं.

म्हणून डोक्याचा नाद सोडा आणि करडा रंग कुठे थांबतो ते बघा. टोईच्या मादीत तो मानेपाशीच संपतो. तिथे पिवळसर कंठ, म्हणजे गळ्याभोवतीचं कडं, त्याखाली सगळं हिरवं. निळ्या पंखांच्या पोपटाचा कंठ काळा, आणि करडा रंग तो कंठ ओलांडून पाठीवर, छातीवर उतरतो. नराला कंठाखाली निळसर हिरवी चकचकीत पट्टीही असते. वरची चोच त्याची लाल, मादीची काळपट. टोईची चोच नर-मादी दोघांचीही पिवळसर.

उडून गेले तर शेपटीचं टोक बघा: टोईचं पांढरं, दुसऱ्याचं पिवळं. मला विचाराल तर एवढं एक दिसलं तरी पुरे. आकारावर जाऊ नका, शेपटी धरून दोघेही साधारण ३५ सेंमीचे. आवाज मात्र वेगळा. टोई उडताना ‘टुईं?’ असं काहीतरी विचारत जातो, दुसऱ्याचा ओरडा कर्कश.

निळ्या पंखांचा पोपट जगात फक्त सह्याद्रीच्या रांगेतच सापडतो, आणि त्याला दाट, ओलसर जंगल लागतं. टोई भारतात बराच पसरलाय, श्रीलंकेतही आहे. विरळ रान, शेताची कड त्याला चालते, पिकल्या भातावरही थवेच्या थवे उतरतात. तुमचं परडं घाटाच्या पायथ्याच्या जंगलाला लागून असेल तर दुसराही येऊ शकतो, पांगाऱ्याच्या फुलांतला मध दोघांनाही आवडतो.

आणि थव्यात एखादं पूर्ण हिरवं डोकं दिसलं तर तिसरी जात शोधत बसू नका. टोईची पिल्लं सुरुवातीला तशीच असतात.