बेलफास्टमध्ये जन्मली म्हणून आयरिश?

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे, राहतो बेलफास्टला, म्हणजे ब्रिटनमधल्या उत्तर आयर्लंडच्या राजधानीत. मी सप्टेंबर २०१९ मध्ये शिकायला आलो. जानेवारी २०२१ पासून नोकरीच्या व्हिसावर आहे. पत्नी नर्स आहे, ती सप्टेंबर २०२० मध्ये कामाच्याच व्हिसावर आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलगी झाली. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार (उत्तर आयर्लंडबाबतचा ब्रिटन-आयर्लंड करार) इथे जन्मलेल्याला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही होता येतं. तिचा आयरिश पासपोर्ट काढू का? भारतीय नागरिक म्हणून तिची नोंदणी राहून गेली आहे.

उत्तर : उत्तर आयर्लंडमधून येणाऱ्या बहुतेक पत्रांत कराराचं हेच वाक्य असतं. हा हक्क कोणाला, याची त्याच करारातली व्याख्या कोणी वाचत नाही. जन्माच्या वेळी आई किंवा वडील ब्रिटिश वा आयरिश नागरिक हवेत, नाहीतर त्यांना तिथे मुदतीच्या बंधनाशिवाय राहण्याचा हक्क हवा. तुम्ही दोघंही तेव्हा मुदतीच्या व्हिसावर होतात. तेव्हा १९९८ चा करार बाजूला ठेवा. याच कारणाने मुलगी जन्माने ब्रिटिशही नाही. तुमच्यापैकी एकाला कायम वास्तव्य मिळालं की ती अठरा वर्षांची होण्याआधी ब्रिटिश म्हणून नोंदणी मागता येते.

सगळं अडलंय ते आयर्लंडच्या १९५६ च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम ६-ए वर. २००४ च्या सार्वमतानंतर आलेलं हे कलम १ जानेवारी २००५ पासून लागू आहे. जन्माआधीच्या चार वर्षांत आई किंवा वडील, कोणा एकाचं आयर्लंड बेटावर एकूण तीन वर्षं वैध वास्तव्य हवं. बेलफास्ट त्यात धरतात, शिक्षणासाठीच्या परवान्यावरचा काळ धरत नाहीत. तुमची शिक्षणाची वर्षं वगळली तर तीन वर्षं भरत नाहीत. पत्नीची भरतात, वर दोनेक महिने उरतात. पत्रभर स्वतःच्या तारखा लिहिल्यात आणि जिच्यामुळे मुलीला हक्क मिळतो तिला एका ओळीत उरकलंत!

पत्नीने मधे भारतात लांबची सुट्टी काढली असेल तर ती कशी मोजतील हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. आजच पत्नीचा पासपोर्ट समोर घ्या, त्यातले मुंबई विमानतळाचे शिक्के तारीखवार लिहून काढा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, घरभाड्याचे करार जोडा.

भारतीय नागरिकत्वाचं मात्र आयरिश अर्ज करण्याआधी ठरवा. आयरिश कायद्यात हा हक्क बजावेपर्यंत नुसताच पडून असतो. पालकांनी पासपोर्ट मागितला की मूल जन्मापासून आयरिश धरलं जातं. उलट भारतीय नोंदणीसाठी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. त्या नोंदणीची एक वर्षाची मुदत तुम्ही घालवलीत, आता केंद्र सरकारची परवानगी लागेल; ती कधी मिळेल सांगता येत नाही. आज मुलीकडे कुठलाच पासपोर्ट नाही. उद्या आजी आजारी पडली तर मुलीला कोल्हापूरला नेणार कशी?

मला विचाराल तर आयरिश पासपोर्ट घ्या, नंतर ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड) काढा. आयरिश नागरिक म्हणून ती ब्रिटनमध्येही व्हिसाशिवाय राहू शकेल, शिकू शकेल. भारतीय पासपोर्टवर बेलफास्टहून डब्लिनला जायलाही आयरिश व्हिसा लागतो, सीमेवर कोणी अडवत नसलं तरी. आणि अर्जात वास्तव्य आईचं दाखवा, तुमचं नको.