स्वीडिश डेथ मेटलमधला (हेवी मेटल संगीताचा एक अतिउग्र प्रकार) कोणता सुरुवातीचा डेमो, म्हणजे अल्बमआधीचं कच्चं ध्वनिमुद्रण, आवर्जून ऐकावा?

माझं उत्तर: निहिलिस्ट या बँडचा 'ओन्ली श्रेड्स रिमेन', 1989. सगळे थेट एन्टूम्ब्ड या बँडच्या 'लेफ्ट हँड पाथ' अल्बमपासून (1990) सुरुवात करतात आणि ही कॅसेट मागेच राहते, याचं मला खरंच वाईट वाटतं. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबेर्गने ती ध्वनिमुद्रित केली. आज ज्याला 'स्टॉकहोमचा आवाज' म्हणतात, तो खऱ्या अर्थाने इथे सापडला. बॉस कंपनीचं एचएम-2 हे स्वस्तातलं डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज खरखरीत करणारं उपकरण), त्याची चारही बटणं शेवटपर्यंत फिरवलेली! गिटार अक्षरशः करवतीसारखी कापत जाते. याचं श्रेय गिटारवादक लेफ कुझनरला दिलं जातं; त्याचं नाव क्वचितच निघतं.

'रेव्हल इन फ्लेश' हे गाणं आधी या डेमोत ऐका, मग 'लेफ्ट हँड पाथ'वर. अल्बमवर वजन जास्त आहे, पण डेमोतला पोरसवदा आवेश मला अधिक भावतो. त्याच वर्षी बँड फुटला: बेसिस्ट जॉनी हेडलुंडने अनलीश्ड हा बँड काढला, बाकीचे एन्टूम्ब्ड झाले.

मूळ कॅसेट शोधत बसू नका. 2005 साली निघालेल्या 'निहिलिस्ट 1987-1989' या संकलनात हे सगळं आहे.