सेज वाळतोय आणि लाल साल्व्हिया फुललाय, असं का?

एकाच वाफ्यात लाल साल्व्हिया बहरलाय आणि काढ्यासाठी लावलेला सेज (सुगंधी पानांचं औषधी झुडूप) खालून पिवळा पडतोय, असं तुम्ही लिहिलंय. लगेच फवारणी करू नका. अशा वेळी बहुधा पाणी जास्त झालेलं असतं.

दोन्ही साल्व्हिया घराण्यातलेच, पण माहेरं वेगळी. लाल फुलांचा ब्राझीलचा, सेज भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, कोरड्या जमिनीतला. दोघांची पानं चिमटीत धरून पाहा. लालचं पातळ, हिरवं. पाणी चुकलं की दुपारी मान टाकतं. सेजचं जाड, राखाडी, लव असलेलं. ही लवच पानातला ओलावा टिकवते. त्याला रोज पाणी दिलं की मुळं कुजतात.

रोप अलगद उपसा. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली असतील तर त्याचा नाद सोडा, पण शेंडे टाकू नका. कळी नसलेले 8–10 सेंटिमीटरचे शेंडे घ्या, खालची पानं काढा आणि वाळू मिसळलेल्या मातीत खोचा. 3–4 आठवड्यांत मुळं फुटतात. मग वेगळ्या कुंडीत लावा: तिसरा हिस्सा जाड वाळू किंवा बारीक खडी, किमान 6 तास ऊन, आणि वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच पाणी. खत अगदी बेताचं. जास्त दिलं तर पानं मोठी होतात, पण वास फिका पडतो, आणि सेजमध्ये वासच तर हवा! छाटणी नवी पालवी फुटताना करा, पण पानं नसलेल्या जून लाकडात कापू नका, तिथून तो सहसा फुटत नाही. इतकं करूनही 3–4 वर्षांत झाड लाकडी होतं, म्हणून दरवर्षी एखादं कलम करून ठेवते मी.

लालची पानं काढ्यात नकोत, तो शोभेचाच. शोभा आणि औषध दोन्ही हवं असेल तर सेजचाच जांभळ्या पानांचा वाण लावा. घसा धरला की सेजच्या पाण्याच्या गुळण्या करायची जुनी रीत आहे. पण त्यात थुजोन नावाचं, जास्त झाल्यास घातक ठरणारं द्रव्य असतं, म्हणून गरोदर बाईने आणि फिट्स येणाऱ्याने सेजचा काढा घेऊ नये.

आणि सेजला एकदा तरी फुलू द्या. फुलाच्या घशात गवताची काडी हळूच सरकवा. वरचे दोन पुंकेसर तरफेसारखे खाली झुकतात आणि काडीवर पराग टेकवतात. मधमाशीच्या पाठीवर ते असेच टेकतात.