जर्मनीत स्वयंसेवेचं एक वर्ष : ते फुकट जातं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, जर्मन भाषेची ए२ पातळी झालीय, त्यापुढची बी१ चालू आहे आणि जर्मनीत अपंग व्यक्तींच्या वसतिगृहात वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचं मनात आहे. घरचे म्हणतात वर्ष फुकट जाईल. मैत्रीण म्हणते माणूस पार बदलून येतो. आणि एक एजंट ‘जागा पक्की करून देतो’ म्हणून अडीच लाख मागतोय. मी हे वर्ष केलंय, पुढे त्याच कामाचं तीन वर्षांचं प्रशिक्षण घेतलं आणि आज तेच काम करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. वयाने बरीच लहान आहेस, तेव्हा तू म्हणतोय.

एजंटचं आधी. पैसे देऊ नकोस. या वर्षाचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक एफएसजे, म्हणजे स्वयंसेवी सामाजिक वर्ष, त्याचा कायदा १९६४ सालचा आणि वयाची सत्तावीस वर्षं पूर्ण होण्याआधी ते करावं लागतं. दुसरा बीएफडी, म्हणजे केंद्र सरकारची स्वयंसेवा योजना, तो १ जुलै २०११ला सुरू झाला. जर्मनीने त्या वर्षी सक्तीची लष्करी सेवा स्थगित केली. बंदूक नाकारणारे तरुण तिच्याऐवजी रुग्णालयांत नि वसतिगृहांत जी नागरी सेवा करायचे, तीही त्याबरोबर संपली. ती पोकळी भरायला बीएफडी आलं. एफएसजेत तुझा करार संयोजक संस्थेशी, म्हणजे स्वयंसेवकांना जागा मिळवून देणाऱ्या संस्थेशी होतो, बीएफडीत थेट जर्मनीच्या केंद्र सरकारशी. दोन्हींत खर्चाला दरमहा ठरावीक रक्कम मिळते, सामाजिक विमा असतो आणि परदेशातून येणाऱ्यांना बहुतेक संस्था राहायची जागाही देतात. माझ्या वेळी हातात तीनशेच्या आसपास युरो पडायचे. भाषेचा क्लास, व्हिसा आणि विमानाचं तिकीट, एवढा खर्च तुझा. काही संयोजक संस्था थोडं सहभाग शुल्क घेतात, पण कशाचे किती ते लिहून देतात. करार दाखवायच्या आधी जो पैसे मागतो, त्याच्याशी पुढे बोलायचंच नाही.

आता खरा प्रश्न. माणूस बदलतो का?

मी सप्टेंबर २०१४मध्ये गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. तासगाव तालुक्यातलं गाव, घरची द्राक्षबाग, हातात मेकॅनिकलचा डिप्लोमा. जागा मिळाली ती दक्षिण जर्मनीत, श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगराळ पठारावरच्या एका छोट्या गावात. बौद्धिक अपंगत्व असलेली नऊ प्रौढ माणसं एका घरात राहायची. मी त्यांच्या गटात मदतनीस.

पुण्यात बी१ पास होऊन गेलो होतो. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात जे बोलणं चाललं होतं त्यातलं एक वाक्य कळलं नाही. आपल्याकडे पुस्तकी मराठी शिकून कोणी थेट मालवणात उतरावं, तसं. ते लोक श्वेबिश बोलतात, प्रत्येक नामाला ‘ले’ लावतात, घराचं ‘हॉयस्ले’ करतात आणि अर्धे स्वर गिळतात. घरी मी बडबड्या म्हणून प्रसिद्ध होतो. तिथे तीन महिने मी गप्प माणूस होतो. काही सांगायचं असलं की शब्द जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. समोरचा दमून वाक्य माझ्यासाठी पूर्ण करायचा, आणि ते मला म्हणायचंच नसायचं.

हे एवढं सांगतोय, कारण माझ्यात जो काही बदल झाला त्याचं मूळ तिथे आहे. ज्या माणसांना मदत करायला मी गेलो होतो, त्यांची वाक्यंही आयुष्यभर दुसऱ्यांनीच पूर्ण केलेली होती.

आमच्या गटात एक पन्नाशीचे गृहस्थ होते. डावा हात काम करायचा नाही, उजवाही थरथरायचा. सकाळी पावाच्या एका तुकड्याला लोणी लावायला त्यांना पंधरा-वीस मिनिटं लागायची. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी सुरी घेतली आणि पटकन लावून दिलं. मला वाटलं, चांगलं काम केलं. त्यांनी ताट ढकलून दिलं आणि त्या सकाळी काही खाल्लं नाही. मी हादरलो. आमच्या गटप्रमुख बाईंनी नंतर मला बाजूला बसवून विचारलं, “त्यांनी तुला सांगितलं होतं का?” नव्हतं सांगितलं. “मग ते लोणी कोणाचं होतं?”

बाईंनी मला दिलेलं पहिलं खरं काम असं : रोज सकाळी त्या गृहस्थांच्या शेजारी बसायचं, आपला पाव खायचा आणि त्यांच्या पावाला हात लावायचा नाही. सुरी पडली तर उचलून द्यायची, तीही विचारून. लिहायला सोपं आहे. करून बघ. आपल्या घरात वाढलेल्या माणसाला कोणी धडपडताना दिसलं की हात आपोआप पुढे जातो, नाही गेला तर अपराधी वाटतं. तो हात मांडीवर ठेवून बसायला मला नोव्हेंबर उजाडला. जर्मनमध्ये याला शब्द आहे, अर्थ साधारण ‘स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून केलेली मदत’. पुढे तीन वर्षांच्या प्रशिक्षणात याचा सिद्धांत शिकलो, कागद लिहिले, परीक्षा दिल्या. पण शिकलो ते त्या टेबलावर.

दुसरी गोष्ट नावाची. जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ आहे, आपल्या तू आणि तुम्ही सारखं. त्या गृहस्थांना सगळे आडनावाने, ‘हेर’ (म्हणजे श्रीयुत) लावून आणि ‘झी’ म्हणूनच बोलवायचे, त्यांनी स्वतः ‘डू’ म्हण असं सांगेपर्यंत. माझ्या आत्याचा थोरला मुलगा असाच होता. चाळिशी उलटली तरी सगळं गाव त्याला बाळ म्हणायचं, शाळेतली पोरंही अरे-तुरे करायची. त्यात दुष्टपणा नव्हता, माया होती. पण त्याला कोणी कधी अहो म्हटलं नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही. त्या वर्षी दिवाळीला फोन केला तेव्हा मी त्याला फोनवर बोलावून पहिल्यांदा ‘दादा’ म्हटलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “तिकडं थंडी हाय का?” आम्ही बारा मिनिटं बोललो. त्याआधी त्याच्याशी कधी एक मिनिट बोललो असेन असं वाटत नाही.

शरीराच्या कामाबद्दलही लिहायला हवं, कारण माहितीपत्रकांत ते नीट लिहिलेलं नसतं. तुला कोणाला तरी आंघोळ घालावी लागेल, डायपर बदलावा लागेल, रात्री ओकारी पुसावी लागेल. मी घरी जेवलेलं ताटसुद्धा उचलत नव्हतो. आणि आपल्याकडे दुसऱ्याची घाण काढण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या कोणावर लादलं गेलं, हे तुला मी सांगायला नको. आईला कळलं तेव्हा ती फोनवर रडली, “ह्यासाठी गेलास का एवढ्या लांब?” तिथे त्याच कामासाठी लोक तीन वर्षं शिकतात. पाण्याचं तापमान हाताने बघायचं, आता काय करतोय ते आधी सांगायचं, दार बंद आहे ना ते पाहायचं, अंगावरचा टॉवेल एकदम काढायचा नाही. दारावर टकटक करून उत्तराची वाट बघायची, समोरचा बोलू शकत नसला तरी. पहिल्या आठवड्यात मला किळस आली, खोटं बोलत नाही. तिसऱ्या महिन्यात ती कुठे गेली ते कळलं नाही. तुझ्या घरच्यांशी याबद्दल जाण्याआधी मोकळं बोल, नंतर नको.

थंडी आणि एकटेपणा. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि डोंगरावरच्या गावात शेवटची बस लवकर जाते. मला वाचवलं ते मसुरीने! त्या भागात मसूर पिकते आणि ‘श्पेट्स्ले’ नावाच्या त्यांच्या शेवयांसारख्या पदार्थाबरोबर ती शिजवून खातात. पहिल्यांदा ताटात बघितली तेव्हा डोळे भरून आले. पुढच्या वेळी परवानगी काढून मी तिला लसणाची फोडणी दिली, आणि लोणीवाल्या गृहस्थांनी दोनदा वाढून घेतलं.

सगळं गोड नव्हतं. डिसेंबरात दोन कर्मचारी आजारी पडले आणि सलग तीन शनिवार-रविवार मला गटात एकट्याला ठेवलं गेलं. एका बाईंना फिटचा झटका आला, औषध मला द्यायची परवानगी नव्हती, फोन उचलायला कोणी नव्हतं. ती वीस मिनिटं मी आजही विसरलेलो नाही. त्या बाई निभावल्या. स्वयंसेवकाला पगारी कर्मचाऱ्याच्या जागी वापरायचं नाही, हा तिथला नियम आहे. मला तो माहीत होता आणि तरी मी दोन आठवडे गप्प बसलो, कारण पाहुण्याने तक्रार करू नये असं आपल्या हाडात असतं. शेवटी स्वयंसेवकांच्या सेमिनारला गेलो तेव्हा तिथल्या मार्गदर्शकाला सांगितलं. त्याने संस्थेला लिहिलं, बैठक झाली, वेळापत्रक बदललं आणि माझ्यावर कोणी राग धरला नाही. अधिकाराने मोठ्या माणसासमोर, परक्या भाषेत, शांतपणे ‘हे चालणार नाही’ म्हणायचं मी त्या दिवशी शिकलो. आमच्या बागेचा दर ठरवताना व्यापाऱ्यासमोर मान खाली घालून उभा राहणारा मी, मलाच ते नवीन होतं.

या सेमिनारांना कमी लेखू नकोस. वर्षाला किमान पंचवीस दिवस असतात आणि तो कामाचाच भाग धरतात. बऱ्याच मुलांना ती सुट्टी वाटते. मला त्यातला एक दिवस जन्मभर पुरेल. आमच्या गटाला ग्राफेनएकला नेलं होतं. त्याच डोंगरावर एक छोटा राजवाडा आहे, तिथे १९२९पासून अपंगांसाठी वसतिगृह होतं. ऑक्टोबर १९३९मध्ये नाझी सरकारने ते ताब्यात घेतलं. जानेवारी ते डिसेंबर १९४० या काळात तिथे १०,६५४ माणसांना विषारी वायूने मारलं. सगळे मनोरुग्ण किंवा अपंग, वेगवेगळ्या संस्थांमधून करड्या बसगाड्यांत बसवून आणलेले. गॅस चेंबरची इमारत आता नाही, स्मारक आहे. आणि त्याच आवारात आज पुन्हा अपंग माणसं राहतात. आम्ही स्मारकापाशी उभे होतो आणि एक रहिवासी आम्हाला ‘ग्र्यूस गॉट’ म्हणत बाजूने गेला.

तिथे मी मार्गदर्शकाला विचारलं, आमच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांतही ऐंशीच्या पुढचं कोणी का नाही? त्याने नुसतं त्या स्मारकाकडे बघितलं. बौद्धिक अपंगत्व घेऊन जर्मनीत म्हातारी होणारी ही पहिलीच मोठी पिढी आहे, त्यांच्या आधीची बरीचशी उरलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर बसलो तेव्हा लोणी लावायच्या त्या वीस मिनिटांकडे बघायची माझी नजर वेगळी होती.

वर्ष फुकट जाईल का, याचं उत्तर मी घरच्यांना असं दिलं होतं : शेवटी कामाचं प्रमाणपत्र मिळेल, भाषा बी२च्या जवळ जाईल आणि हे काम आपल्याला जमतं का ते कळेल. माझ्या बाबतीत तिन्ही झालं. वर्ष संपायच्या आत प्रशिक्षणाचा करार मिळाला, राहण्याचा परवाना तिथेच बदलून घेतला. पण माझ्या तुकडीतला पेरूचा मुलगा परत जाऊन शिक्षक झाला, जॉर्जियाची मुलगी पाच महिन्यांत सोडून गेली आणि तिने योग्य केलं, ती आतून मोडत चालली होती. प्रशिक्षणाची हमी म्हणून या वर्षाकडे बघू नकोस. तुझं मन मुळात नोकरी-पगाराकडे असेल तर सरळ नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे पगारी व्यावसायिक प्रशिक्षणाला, अर्ज कर. बहुतेक ठिकाणी बी२ मागतात, पण पहिल्या महिन्यापासून पगार सुरू होतो. त्यात कमीपणा नाही.

‘सेवा करायला परदेशी कशाला, इथे कमी आहे का’ असं मंचावरच्या एका सदस्याने तुझ्या प्रश्नाखाली लिहिलंय. त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि ते तुझ्या जाण्याच्या आड येतंय असं वाटत नाही. पियेर सेरेसोल नावाच्या स्विस माणसाने १९२०मध्ये फ्रान्समधल्या वेर्दांजवळ, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात, शत्रुदेशांतल्या लोकांना एकत्र आणून घरं बांधायला घेतली. १९३४च्या भूकंपानंतर तोच बिहारमध्ये येऊन राबला. आपल्या आनंदवनातही सुरुवातीच्या काळात त्याच्या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक येऊन बांधकाम करून गेले. ही ये-जा जुनी आहे. आता आपण जातोय, एवढंच.

तेव्हा पुढच्या दोन महिन्यांत एक कर. तुझ्या शहरात मतिमंद मुलांची शाळा किंवा प्रौढांची कार्यशाळा नक्की असेल. तिथे जाऊन मुख्याध्यापकांना भेट आणि दर शनिवारी अर्धा दिवस मागून घे. फोटो काढायला नाही, जेवणाच्या वेळी शेजारी बसायला. आठ शनिवार झाल्यावरही जावंसं वाटलं तर अर्ज कर. वर्षं बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात आणि व्हिसाला वेळ लागतो, म्हणून आदल्या हिवाळ्यातच संस्थांना लिहायला लाग. प्रेरणापत्रात ‘मला समाजसेवेची आवड आहे’ लिहू नकोस, त्या शनिवारांत काय पाहिलंस ते लिही. मसुदा झाला की मला पाठव, मी वाचून देईन. जर्मनमधल्या चुका मात्र सगळ्या सुधारणार नाही, काही तुझ्याच राहू देत.