संघाकडे गेले तर संस्थेला काय वाटेल?

खाजगी अनुदानित शाळांचे मुख्याध्यापक, विशेषतः त्या खुर्चीत नव्याने बसलेले, समुपदेशनाला आले की एक प्रश्न हमखास विचारतात: अडचणीच्या वेळी मुख्याध्यापक संघाची मदत घेतली तर संस्थाचालक दुखावतील का, आणि आपल्याला कारभार झेपत नाही असा त्याचा अर्थ लावला जाईल का? या प्रश्नाचे उत्तर मी एका अनुभवाच्या आधारे देते. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ग्रामीण भागातील एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे गणित शिकवून या बाई सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापिका झाल्या होत्या. झोप लागत नाही, ही त्यांची तक्रार. त्यामागचे कारण बोलण्यातून हळूहळू पुढे आले. संचमान्यतेत, म्हणजे पटावरील मुलांच्या संख्येनुसार शाळेची शिक्षकपदे मंजूर होतात त्या प्रक्रियेत, त्यांच्या शाळेतील एक शिक्षक अतिरिक्त ठरला होता, कारण पटावरील काही मुलांची आधारची माहिती पोर्टलवर जुळत नव्हती. कुणाच्या नावाचे स्पेलिंग वेगळे होते, कुणाची जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख आधारवरील तारखेशी मेळ खात नव्हती, आणि ज्यांचे आईवडील ऊसतोडणीला गेले होते त्या मुलांना दुरुस्तीसाठी केंद्रावर न्यायचे कुणी, हाच प्रश्न होता. मुले रोज वर्गात बसत होती. मोजणीत मात्र ती धरली गेली नव्हती. त्यावर संस्थेच्या सचिवांनी बाईंना कारणे दाखवा नोटीस दिली: आपल्या निष्काळजीपणामुळे एक पद गेले, तरी आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.

बाईंनी खुलासा लिहून आणला होता. खुलासा कसला, माफीनामाच तो. एका पानात तीन ठिकाणी 'याला सर्वस्वी मीच जबाबदार आहे' असे वाक्य होते, खाली शाळेचा गोल शिक्का होता आणि जावक क्रमांकसुद्धा टाकून झाला होता. हे पत्र आणखी कुणी वाचले आहे का, असे मी विचारले. कुणीच नाही, असे त्या म्हणाल्या, आणि माझ्या दृष्टीने खरी अडचण तिथेच होती. पर्यवेक्षकांना सांगावे तर ते हाताखालचे, अतिरिक्त ठरलेला शिक्षक तर जुना सहकारी, नोटीस देणारी खुद्द संस्था आणि शिक्षणाधिकारी म्हणजे वरिष्ठ. शाळेच्या आवारात मुख्याध्यापकाच्या बरोबरीचे असे कुणीच नसते.

मी कायद्याचा सल्ला देत नाही. पत्र पाठवण्याआधी तालुका मुख्याध्यापक संघातील एखाद्या अनुभवी व्यक्तीला ते दाखवावे, एवढेच मी सुचवले. बाईंचा आक्षेप तयार होता: संघ म्हणजे मोर्चे आणि निवडणुका. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. विधान परिषदेतील शिक्षकांच्या 7 मतदारसंघांची निवडणूक जवळ आली की एरवी निपचित असलेल्या काही शाखांना अचानक जाग येते, आणि सभेत मुख्याध्यापिका बहुधा मागच्या रांगेतच दिसतात. तरीही ज्याने अशा नोटिसा पूर्वी हाताळल्या आहेत असा माणूस तिथेच भेटण्याची शक्यता अधिक, हे मी त्यांना सांगितले.

संघाच्या ज्येष्ठ सदस्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे, 'बाई, हे पत्र पाठवू नका,' असे स्पष्ट सांगितले. मग खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा अधिनियम आणि 1981 ची नियमावली त्यांनी बाईंसमोर उघडून ठेवली. नियम 28 मध्ये कारवाईचे कारण म्हणून कर्तव्यातील जी कसूर सांगितली आहे, ती हेतुपुरस्सर आणि सातत्याने झालेली असावी लागते. पुढे चौकशी झालीच तर नियम 36 नुसार तिच्यासाठी समिती नेमावी लागते आणि त्या समितीवर स्वतःच्या पसंतीचा एक सदस्य सुचवण्याचा अधिकार मुख्याध्यापकालाही असतो. त्याहून पुढे जाऊन बडतर्फीपर्यंत मजल गेली, तरी आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. यातले पुढचे काहीच घडायचे नव्हते. परंतु सगळा रस्ता एकदा डोळ्यांखालून गेल्यावर नोटिशीची दहशत निम्मी झाली, असे बाईंनी मला नंतर सांगितले. नवा खुलासा दोन पानांचा झाला. त्यात पालकांना दिलेल्या सूचनांच्या तारखा, गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवलेली पत्रे आणि मुलांची नावनिशीवार यादी होती. माफी नव्हती, तशी कुणावर टीकाही नव्हती.

बाईंनी एकटीने जे कधीच केले नसते ते यानंतर झाले. तालुक्यातील इतर शाळांकडूनही संघाने अशाच याद्या मागवल्या, तेव्हा ही त्रुटी एका मुख्याध्यापिकेची नसून मोजणीच्या पद्धतीची आहे, हे आपोआप समोर आले. प्रत्यक्ष हजर असलेली मुले पडताळणी करून पटात धरावीत, या मागणीचे निवेदन घेऊन शिष्टमंडळ शिक्षणाधिकाऱ्यांना भेटले आणि शिक्षक आमदारांनाही त्याची प्रत देण्यात आली.

आता संस्थेला काय वाटले, हा प्रश्न. संघाचे पदाधिकारी बाईंबरोबर सचिवांना भेटायला गेले तेव्हा सचिव सुरुवातीला घुश्शातच होते. मात्र पद गेल्याने नुकसान संस्थेचेच झाले होते आणि निवेदनातील मागणी त्यांच्याही फायद्याची होती, हे लक्षात आल्यावर त्यांनी खुलासा स्वीकारून विषय थांबवला. प्रत्येक वेळी असे होईल, असे मी म्हणणार नाही. तक्रार संस्थेच्याच आर्थिक व्यवहाराविषयी असेल तर संस्था दुखावणार, हे गृहीतच धरावे. तेव्हा संघाची गरज अधिक भासते आणि प्रत्येक गोष्ट लेखी ठेवण्याचीही. परंतु मदत मागितली म्हणून मुख्याध्यापकाची पत गेली, असे माझ्याकडे आलेल्यांपैकी कुणाच्या बाबतीत मी पाहिलेले नाही. घाईने लिहिलेला कबुलीजबाब अंगाशी आल्याचे मात्र पाहिले आहे.

त्या वर्षीची संचमान्यता संघाला बदलून घेता आली नाही. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाचे समायोजन दूरच्या एका शाळेत झाले आणि जाताना तो बाईंशी बोललाही नाही. बाईंना आता झोप लागते, पण त्या अबोल्याची बोच राहिली आहे. तो विषय संघाचा नाही, त्यामुळे आमच्या पुढच्या बैठका त्यावरच चालू आहेत.