जुनी मोटरसायकल वळणावर डुलते. नव्या गाडीचा चिमटा (पुढचा फोर्क) बसवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९७३ची, ३५० सीसीची, दोन सिलिंडरची गाडी तुम्ही इंजिनापासून रंगापर्यंत नवी करून घेतलीत. पण ताशी ८० किलोमीटरच्या पुढे लांब वळणावर ती मागून डुलते, आणि वेग कमी होताना ५०-६०च्या आसपास हँडल हातात थरथरतं. मेकॅनिक म्हणतो, नव्या स्पोर्ट्स गाडीचा उलटा चिमटा (जाड नळी वर, बारीक खाली) आणि १७ इंची चाकं टाका. टाकू का?

नका टाकू. निदान आत्ता तरी नका. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं जुन्या डिझाइनची नाहीत, झिजलेल्या गाडीची आहेत. पन्नास वर्षांत जिथे जिथे ढिलेपणा आला, तो काढल्याशिवाय वर कितीही भारी सामान लावलंत तरी गाडी सुधारणार नाही.

हँडलची थरथर आणि मागचं डुलणं हे दोन वेगळे आजार आहेत. थरथर जलद असते, सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा. ती फक्त पुढच्या भागात असते आणि बहुतेक वेळा टायर, चाकाचा समतोल किंवा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) यांच्याकडे बोट दाखवते. डुलणं संथ असतं, सेकंदाला दोन-तीन झोके. त्यात आख्खी गाडी सामील होते आणि वेग वाढला की तेही वाढतं. तिथे पहिला संशय स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या, बुशवर (तो ज्यावर फिरतो त्या नळकांड्यांवर) घ्यायचा, मग मागच्या शॉकअपवर.

माझ्याकडे १९७४ची अशीच एक गाडी आहे. मीही आधी इंजिन केलं, मग टाकीचा रंग, क्रोम, सीट. चालवायला काढली तर लांब वळणात मागचं चाक आपल्या मर्जीने दुसरीच रेघ धरत होतं. एका संध्याकाळी गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक आणि दोन्ही शॉकअप काढले. स्विंगआर्म मागच्या टोकाला दोन्ही हातांनी धरला आणि आडवा हलवला. टक-टक. आवाज अगदी बारीक, पण बोटांना स्पष्ट कळणारा. बुशात जेमतेम अर्धा मिलीमीटर झीज होती, पण टोकाला, म्हणजे जिथे चाकाचा अॅक्सल बसतो तिथे, तीच झीज दोन-अडीच मिलीमीटरची झाली होती. म्हणजे चाक वळणात अडीच मिलीमीटर तिरकं व्हायला मोकळं होतं. गाडी डुलणार नाही तर काय करणार?

त्या काळच्या बऱ्याच जपानी गाड्यांत स्विंगआर्मला नायलॉन किंवा तत्सम प्लास्टिकचे बुश असायचे. बनवायला स्वस्त, पण ग्रीस वेळेवर मिळालं नाही की लवकर जातात. माझे काढले तेव्हा एक तीन तुकड्यांत बाहेर आला. त्या जागी ब्राँझचे बुश करून घेतले, आणि जुन्या गाडीतली सर्वांत मोलाची सुधारणा मी यालाच म्हणेन. यात चूक होण्याची एक जागा आहे. बुश दाबून बसवला की त्याचं आतलं भोक किंचित आवळतं. म्हणून आधी बुश बसवायचे, आणि मग दोन्ही एका सरळ रेषेत रीमर (भोक अचूक मापाला कापणारं हत्यार) मारून मापात आणायचे. स्टीलची स्लीव्ह आत हाताने फिरली पाहिजे, पण हलता कामा नये. ०.०५ मिलीमीटरच्या आसपास फट पुरते. स्लीव्हवर ओरखडे असतील तर तीही नवीच करा, नाहीतर ब्राँझ खाऊन टाकेल. बाजूचा ढिलेपणा शिम (पातळ चकत्या) लावून काढा, आणि शक्य असेल तर ग्रीस निप्पल बसवून घ्या.

आता कोनसेट. पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि हँडल अगदी सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. बरोबर मध्यावर, सरळ जाण्याच्या जागी, किंचित अडकल्यासारखं वाटलं तर समजा की छर्ऱ्यांनी वाट्यांमध्ये खड्डे पाडले आहेत. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ रस्त्यावर जातं, म्हणून खड्डेही तिथेच पडतात. मग गाडी सरळ रेषेत राहायला बघते, तुम्ही नकळत दुरुस्ती करत राहता, आणि तिला सतत इकडून तिकडे हेलकावत नेल्यासारखं वाटतं. नट आवळून हे जात नाही, उलट वाढतं. मोकळ्या छर्ऱ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग टाका. बसवल्यावर पकड तपासायची रीत सोपी आहे: चाक हवेत ठेवून हँडल मध्यापासून थोडं ढकललं, की ते स्वतःच्या वजनाने टोकापर्यंत गेलं पाहिजे. वाटेत थांबलं तर जास्त आवळलं आहे. चिमट्याची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवल्यावर ठोका लागला तर ढिलं आहे. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघा, कारण नवी बेअरिंग थोडी बसतात.

चाकांचं फार लांबवत नाही. बेअरिंग बदला, आरे एकसारखे ताणून रिमचा आऊट (फिरताना डगमगणं) एक मिलीमीटरच्या आत आणा. मागचं चाक सरळ बसवताना स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नका, दोरी लावा. मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी ताणलेली दोरी पुढे न्यायची, आणि हँडल सरळ असताना पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना फट सारखी दिसली पाहिजे. ती कितीही प्रयत्न करून सारखी होत नसेल तर चासी वाकलेली असण्याचा संशय घ्या. मग बाकी सगळं थांबवून आधी तिच्याकडे बघा. चासी उघडी असतानाच स्टीअरिंगच्या नळीजवळचे आणि स्विंगआर्मच्या पिव्हटजवळचे वेल्ड भिंगाखाली तपासले तर उत्तमच.

टायरबद्दल मात्र बोलावंच लागेल. तुम्ही लिहिलंय की टायर ‘जवळजवळ नवे, खाचा पूर्ण आहेत’. खाचा बघू नका, तारीख बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २०००च्या आधीचा आहे, तो आजच काढा. रबर कडक झालं की खाचा पूर्ण असूनही पकड राहत नाही. आणि जाड टायरचा मोह टाळा. १.८५ इंचाच्या रिमसाठी ९०/९० (९० मिलीमीटर रुंद) सारखं माप योग्य. तिथे १३०चा टायर कोंबला तर त्याच्या कडा आत चेपल्या जातात, माथा टोकदार होतो आणि गाडी वळणात एकदम कलंडल्यासारखी पडते. अरुंद टायर म्हणजे कमकुवत टायर असं अजिबात नाही. १९६९मध्ये माल्कम अपहिल या स्वाराने आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत ट्रायम्फ बॉनव्हिल या रस्त्यावरच्या गाडीने सरासरी ताशी १०० मैलांची फेरी मारली ती आजच्या नजरेला काडीसारख्या दिसणाऱ्या टायरांवर. त्यावरूनच डनलॉपच्या त्या टायरला टीटी१०० हे नाव मिळालं. त्या धाटणीचे टायर आज नव्या रबरात मिळतात, जुन्या रिमला ते शोभतात आणि चालतातही सुरेख.

एवढं झाल्यावर गाडी चालवून बघा. खरंच, इथे थांबा आणि महिनाभर चालवा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रार इथेच संपते. उरलेली असेल तर चिमट्याच्या आत जायचं.

जुन्या चिमट्यात आत एक नळी असते, तिला ठरावीक मापाची भोकं असतात, आणि ऑइल त्यांतूनच ये-जा करतं. भोकाचं माप बदलत नाही, हीच मूळ अडचण. चिमटा सावकाश दबतो तेव्हा ऑइल आरामात निघून जातं, रोध जवळजवळ नसतो. म्हणून ब्रेक लावला की गाडी नाक खुपसते. खड्डा आला की चिमटा वेगाने दबतो, पण ऑइलला तेवढ्या भोकातून वाट मिळत नाही, आणि मनगटात दणका बसतो. वेग दुप्पट झाला की रोध साधारण चौपट होतो. जाड ऑइल घातलं तर नाक खुपसणं कमी होतं, पण दणका वाढतो. पातळ घातलं तर उलट. म्हणून फक्त ऑइल बदलत राहणाऱ्यांचं समाधान होत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो बाहेरून दिसतही नाही. त्या नळीच्या डोक्यावर बसणारी स्प्रिंगवाली झडप मिळते, तिला इम्युलेटर म्हणतात. नळीची जुनी भोकं मोठी करायची म्हणजे त्यांचा रोध संपतो, आणि दबण्याचा हिशेब झडपेकडे जातो. संथ दाबाला ती बंद राहते, जोराच्या दाबाला उघडते. सोबत तुमच्या वजनाला साजेशी स्प्रिंग हवी. ती कशी ठरवायची? चिमट्याच्या बाहेर दिसणाऱ्या नळीवर प्लास्टिकची एक पट्टी बांधा, चाक हवेत असताना आणि मग तुम्ही नेहमीच्या कपड्यांत गाडीवर बसलेले असताना मोजा. चिमटा एकूण प्रवासाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका, साधारण ३० ते ३५ मिलीमीटर, खाली बसला पाहिजे. ५० बसत असेल तर स्प्रिंग थकली आहे. ऑइल भरताना मापाच्या ग्लासावर भागवू नका. स्प्रिंग बाहेर, चिमटा पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत वरच्या कडेपासून खाली ऑइलची पातळी मोजा आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या ठेवा. चिमट्याच्या नळ्या आधी काचेवर लोळवून बघा, वाकलेल्या नळीत काहीही घातलं तरी ती अडकणारच.

मागचे शॉकअप चांगल्या प्रतीचे घ्या, पण डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची (दोन्ही टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली) लांबी मूळचीच ठेवा.

आणि इथूनच उलट्या चिमट्याला माझा विरोध सुरू होतो. पुढच्या चाकाचा व्यास, चिमट्याचा कल आणि त्याला धरणाऱ्या वरच्या-खालच्या प्लेटा त्याला हँडलच्या आसाच्या जितकं पुढे ठेवतात ते अंतर हे मिळून ट्रेल ठरवतात. हँडलच्या आसाची रेघ जमिनीला जिथे भिडते, त्या बिंदूच्या जितकं मागे टायर टेकतं, तेवढा ट्रेल. गाडीला सरळ ठेवणारी शक्ती ती हीच. सत्तरच्या दशकातल्या रस्त्यावरच्या गाड्यांत तो साधारण ९० ते ११० मिलीमीटर असतो. दोन चाकांच्या आसांमध्ये १४०० मिलीमीटर अंतर असलेल्या गाडीत चिमटा प्लेटांमधून फक्त १० मिलीमीटर वर सरकवला तरी कल ०.४ अंशाने आणि ट्रेल जवळजवळ तीन मिलीमीटरने बदलतो, आणि ते चालवताना जाणवतं. तुमचा मेकॅनिक चिमट्याची लांबी, प्लेटांचं अंतर आणि चाकाचा व्यास तिन्ही एकदम बदलायला निघालाय. त्याने नवा ट्रेल कागदावर काढून दाखवला का, एवढंच विचारा. शिवाय तो जाड चिमटा चासीच्या ज्या नळीला लटकणार ती चासी १९७३च्या पातळ पाइपांची आहे. आधी जे थोडं वाकणं चिमट्यात जिरत होतं, ते आता थेट तिच्या वेल्डवर येणार.

चासीचं महत्त्व जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. १९५०मध्ये नॉर्टनने रेसच्या गाडीला रेक्स मॅककँडलेसने आखलेली नवी चासी दिली, इंजिन मात्र जवळपास तेच जुनं एका सिलिंडरचं. त्या वर्षी आयल ऑफ मॅनच्या ज्युनिअर आणि सीनिअर दोन्ही शर्यतींत पहिले तीन क्रमांक नॉर्टनचे होते. हॅरॉल्ड डॅनिएल या स्वाराला ती पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून तिचं नाव फेदरबेड पडलं.

काम करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत तारीख आणि माप लिहा, आणि दर वेळी त्याच रस्त्यावर, त्याच हवेच्या दाबावर चालवून बघा. उद्या सकाळी सुरुवात कोनसेटपासून करा; पुढचं चाक उचलून हँडल मध्यावर अडकतं का ते बघा. मग शॉकअप काढून स्विंगआर्म हलवा. दोन्हींचं काय निघालं ते इथेच लिहा, टायरवरचे चार आकडेही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.