पटावर नाव नसलेले मूल : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणे आणि त्यात सरकारने कितपत लक्ष घालावे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिसरीनंतर आम्ही तिला शाळेतून काढले आणि जूनपासून मी तिला घरीच शिकवते. दिवाळीनंतर शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी जवळच्या शाळेतले एक गुरुजी आले. मुलगी समोरच बसून पेरूच्या फांदीचे चित्र काढत होती. त्यांनी तिचे नाव लिहून घेतले आणि जाताना म्हणाले, "ताई, नाव आमच्या पटावर घालून ठेवू, मुलगी राहू दे घरी, हजेरीचं मी बघतो." तेव्हापासून सासूबाईंना धास्ती आहे की उद्या पोलीस दारात येतील. आम्ही गुन्हा करत आहोत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पोलीस येणार नाहीत, एवढे सासूबाईंना आजच सांगून टाका. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 10 नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला मात्र या कायद्यात दंड नाही आणि कैदही नाही. शिक्षा आहे ती मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्याला, म्हणजे कलम 18 खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि पुढे दर दिवसाला दहा हजार. त्यामुळे तुम्ही स्वतःच्या मुलीला शिकवणे ही एक गोष्ट झाली आणि सोसायटीतली बारा मुले जमवून, फी घेऊन, वरच्या मजल्यावर 'आमची वेगळी शाळा' चालवणे ही अगदीच दुसरी. काही कुटुंबे उत्साहाच्या भरात पहिल्या गोष्टीकडून दुसरीकडे कधी सरकतात, ते त्यांनाही कळत नाही.

'सक्तीचे' या शब्दाचा कायद्यातला अर्थही पाहून ठेवावा. कलम 8 च्या स्पष्टीकरणात ही सक्ती सरकारवर घातलेली आहे. मुलाला प्रवेश मिळेल, ते हजर राहील आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण करील, याची जबाबदारी सरकारची. पालकाच्या वाट्याला घटनेतील अनुच्छेद 51-क मधले, 2002 च्या 86 व्या दुरुस्तीने आलेले, शिक्षणाची संधी देण्याचे मूलभूत कर्तव्य येते, आणि तिथे 'शाळा' हा शब्द नाही, 'शिक्षण' हा आहे. गृहशिक्षणाचे समर्थक याच फरकावर उभे असतात. पण म्हणून कायद्याने परवानगी दिली आहे, असेही समजू नका. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आधी घरी शिकवणाऱ्या पालकांना हा कायदा आड येत नाही अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र दिले आणि नंतर ते मागे घेतले. एखाद्या गोष्टीला शिक्षा नाही याचा अर्थ ती मान्य आहे असा होत नाही, आणि आपल्याकडची गृहशिक्षण घेणारी मुले नेमकी या मधल्या पट्ट्यात वाढत आहेत.

आता गुरुजींविषयी. त्यांचा राग धरू नका. आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे हे कलम 9 नुसार स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे आणि ते काम शेवटी शिक्षकाच्याच पायांवर येते. 4 जुलै 2015 रोजी राज्यभर एकाच दिवशी असे सर्वेक्षण झाले होते, ते अनेकांना आठवत असेल. हे सगळे खरे तर आखले जाते ते ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवरच्या, सिग्नलवरच्या मुलांसाठी. दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर गेलेले मूल उन्हाळा लागेपर्यंत शाळेत दिसत नाही, आणि सलग महिनाभर न आलेले मूल शाळाबाह्य धरले जाते. गुरुजींच्या तक्त्यात ते मूल आणि पेरूची फांदी काढणारी तुमची मुलगी एकाच रकान्यात बसतात, कारण तिसरा रकाना तिथे छापलेलाच नाही.

त्यांनी सुचवलेला मार्ग मात्र साफ नाकारा. पटावर नाव आणि घरी मूल, हा व्यवहार सगळ्यांना सोयीचा वाटतो. शाळेचा पट टिकतो, गुरुजींचा तक्ता भरतो, तुम्हाला कोणी विचारत नाही. परंतु न आलेल्या मुलाची हजेरी मांडणे म्हणजे खोटा सरकारी दस्तऐवज तयार करणे होय. जिथे तुम्ही कोणताही गुन्हा केलेला नव्हता, तिथे तुम्ही एका गुन्ह्याचे भागीदार बनता. त्याऐवजी महापालिकेच्या शिक्षण विभागाला साधे पत्र लिहा. मुलगी अमुक तारखेपासून घरी शिकत आहे, काय शिकत आहे, आणि तिच्या वह्या पाहायला अधिकाऱ्यांनी केव्हाही यावे, इतके त्यात असू द्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन ती जपून ठेवा.

आणखी एक काम या आठवड्यातच करा. जुन्या शाळेतून मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणला नसेल, तर आणा. आपल्या राज्यात दाखला हा अर्ध्या कागदपत्रांचा उगम आहे. जनरल रजिस्टरचा क्रमांक, जन्मस्थळ, अक्षरी लिहिलेली जन्मतारीख आणि जात-पोटजातीचा रकाना एवढ्या चार ओळींवर पुढे वय-अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी चालते. वडिलांच्या दाखल्यावरून किंवा जन्माच्या दाखल्यावरूनही मार्ग काढता येतो, पण सेतूच्या खिडकीवर तो दर वेळी नव्याने समजावून सांगावा लागतो. ज्यांनी मुलाला पहिल्या दिवसापासून शाळेतच घातलेले नाही, त्यांना हा त्रास अधिक होतो. तुमच्या मुलीच्या तीन इयत्ता झाल्या आहेत, हे त्या दृष्टीने बरे झाले.

दहावीची चिंता आत्ता नको, पण वाट ठाऊक असावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष असे तीन टप्पे आहेत. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर तिथून दहावी देता येते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि मराठी माध्यमही उपलब्ध आहे. राज्य मंडळाकडून परीक्षा द्यायची असल्यास खासगी विद्यार्थ्याचा 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो आणि तिथे पुन्हा शाळा सोडल्याचा दाखला मागतात. मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावीशिवाय, संगणकीय ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांच्या जोरावर, 2016 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला, ही गोष्ट गृहशिक्षणाच्या प्रत्येक बैठकीत सांगितली जाते. ती खरी आहे, परंतु तिच्याकडे बारावी नसल्यामुळे आपल्या आयआयटीचे दार तिला बंद होते, हेही तितकेच खरे आहे.

आणि मुलीला उद्या शाळेत परत जावेसे वाटले, तर तिला अडवता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे वयाला अनुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातला निवृत्त मुख्याध्यापक आहे. शिकल्या-सवरलेल्या पालकांचे हे नवे खूळ मला पटत नाही. शाहू महाराजांनी मूल शाळेत न घालणाऱ्याला दंड केला होता. आज मात्र इंग्रजी बोलणाऱ्या पालकाने मूल घरी ठेवले की तो प्रयोग ठरतो आणि मेंढपाळाने ठेवले की तो गुन्हेगार ठरतो. सरकारने यांच्या घरी तपासणी का करू नये?

उत्तर : सर, आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य या सगळ्या चर्चेत सहसा कोणी उच्चारत नाही, म्हणून ते जसेच्या तसे छापले आहे.

सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात आणि 1906 मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात शिक्षण सक्तीचे केले. शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात तेच केले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया म्हणजे गमतीची रक्कम नव्हे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये मांडलेले सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक ब्रिटिश सरकारने पुढच्या वर्षी फेटाळले, तेव्हा सक्तीला विरोध करणारे कोण होते आणि कोणाच्या मुलांनी शिकू नये असे त्यांना वाटत होते, हे आपल्याला सांगायला नको. सक्ती ही आपल्याकडे अशी वरून लादलेली जबरदस्ती म्हणून आली नाही. ज्यांना शतकानुशतके वर्गाबाहेर ठेवले, त्यांच्या बाजूने ती आली. त्यामुळे 'सरकारचा आमच्या मुलांशी काय संबंध' हे वाक्य मराठी तोंडी मला कायम थोडे परके वाटते.

तरीही घरात शिरून तपासणी करावी, या मताशी मी सहमत नाही. कारण तपासणीला जाणारा माणूस काय पाहील? तो इयत्तेचे पुस्तक उघडून सातवा धडा झाला का, हे विचारील. चौथीतल्या वयाचे मूल गणितात सहावीत आणि लेखनात दुसरीत असू शकते. आपण चाळीस मुलांचा वर्ग सांभाळला आहे, तेव्हा हे आपण माझ्याहून अधिक पाहिले असेल. पाठ्यपुस्तकाच्या मापाने मोजायचे ठरले, तर घरी शिकवण्याला अर्थच उरत नाही.

नोंदणीला मात्र माझा पाठिंबा आहे आणि त्यावर गृहशिक्षण करणारे काही मित्र माझ्यावर रागावतात. दारात उभ्या राहिलेल्या शिक्षकाला घरी शिकणारी मुलगी आणि धाकटे भावंड सांभाळायला घरी ठेवलेली मुलगी यांत फरक कसा कळावा? दोघींची आई एकच उत्तर देऊ शकते. बालकामगार कायद्यात 2016 मध्ये झालेली दुरुस्ती पाहा. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरच्या, धोकादायक नसलेल्या धंद्यात मदत करता येते, पण 'शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत'. ज्या मुलाला शाळाच नाही, त्याची शाळेची वेळ कोणती? वडिलांच्या दुकानात सकाळी अकरा वाजता वजन-मापे शिकणारे मूल गणित शिकत आहे की राबत आहे, हे कायद्याच्या या भाषेत सांगताच येत नाही. म्हणून वर्षातून एकदा पालकाने स्वतः नोंद करावी आणि कोणीतरी एकदा मुलाशी, शक्यतो पालक बाजूला असताना, चार शब्द बोलावे. मूल सुखरूप आहे का आणि काहीतरी शिकत आहे का, एवढेच पाहायचे. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2024 मध्ये मांडलेल्या विधेयकात शाळेत नसलेल्या मुलांची नोंदवही ठेवणे स्थानिक संस्थांना बंधनकारक करण्याचा प्रस्ताव होता, आणि तिथल्या पालकांनी त्याविरुद्ध मोठा आवाज उठवला. त्यांची भीती अशी की आज नोंद, उद्या परवानगी, परवा नकार. ही भीती खोटी नाही. पण ज्या मुलाची कुठेच नोंद नाही, त्याच्यावर घरात अन्याय झाला तर त्याची चौकशी करायला कोणी जाणारही नाही.

प्रश्न : आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला आहोत. तीन वर्षांनी पुण्याला परतायचे आहे. तोपर्यंत सात वर्षांच्या मुलाला तिथल्या शाळेत न घालता घरीच मराठी आणि इंग्रजीतून शिकवले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. जर्मनीत शाळेची सक्ती प्रत्येक राज्याच्या कायद्यात आहे आणि तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या मुलालाही ती लागू होते. घरी शिकवण्याला, गंभीर आजारासारखे अपवाद सोडता, तिथे वाव नाही. धर्मश्रद्धेच्या कारणावरून घरी शिकवू पाहणाऱ्या एका कुटुंबाची तक्रार युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2006 मध्ये दाखल करून घेण्यासही नकार दिला. वेगळ्या विचारांचे समांतर समाज तयार होऊ नयेत आणि मुलांनी इतर मुलांत मिसळावे, हे जर्मन न्यायालयांचे म्हणणे तिथे मान्य झाले. हेसे राज्यात 2013 मध्ये एका कुटुंबाची चार मुले सुमारे तीन आठवडे पालकांपासून दूर ठेवण्यात आली, आणि 2019 च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने त्यात कुटुंबाच्या हक्काचा भंग झाला नाही असा निर्णय दिला. मला तो निकाल कठोर वाटतो, पण माझ्या वाटण्याचा तुम्हाला तिथे उपयोग नाही.

तुम्ही ब्रिटनमध्ये असता, तर उत्तर वेगळे आले असते. इंग्लंडच्या 1996 च्या शिक्षण कायद्यातील कलम 7 मुलाला 'शाळेत किंवा अन्य मार्गाने' योग्य शिक्षण देण्याची जबाबदारी पालकावर टाकते, आणि त्या 'किंवा' वर तिथले सारे गृहशिक्षण उभे आहे. मुलाला योग्य शिक्षण मिळत नाही असे दिसल्यास स्थानिक संस्था शाळेत घालण्याचा आदेश काढू शकते.

तुम्ही मुलाला जर्मन शाळेत घाला आणि मराठी संध्याकाळी घरी शिकवा. परतताना तिथल्या शाळेची प्रगतिपत्रके इंग्रजी भाषांतरासह आणा. पुण्यात वयानुसार वर्ग मिळेल.

प्रश्न : माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला तीव्र स्वरूपाचे बहुविकलांगत्व आहे आणि तो शाळेत बसू शकत नाही. शाळा म्हणते, नाव ठेवा, शिक्षक घरी येतील. म्हणजे हेही खोटी हजेरी लावण्यासारखेच झाले का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही, आणि कृपया नाव काढू नका. पहिल्या उत्तरातली गोष्ट आणि ही गोष्ट यांचा परस्परांशी संबंध नाही. शिक्षण हक्क कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क मिळाला. हे मूल पटावरच असते, फक्त शाळा त्याच्याकडे जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 31 प्रमाणे, किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित असेल तर, मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत आहे. आपल्या मुलासाठी तो चौदाव्या वर्षी संपत नाही, हे शाळेलाही सांगून ठेवा. अडचण असते ती विशेष शिक्षकांच्या कमी संख्येची. एकाच शिक्षकाकडे अनेक गावे असतात आणि पावसाळ्यात घाटातला रस्ता बंद झाला की भेटी थांबतात. एक वही ठेवा. शिक्षक आले की तारीख, काय घेतले आणि त्यांची सही तिच्यात घ्या. सलग दोन महिने ती वही कोरी राहिली, तर तिची झेरॉक्स जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि पोच घ्या.